घरे, गाळे आणि कार्यालये एकाच जागेत: एका नियोजन सल्लागार सेवेचे परीक्षण

आम्हा चार भागीदारांकडे जुन्या गोदामांची साडेपाच एकरांची जागा आहे. तिच्यावर घरे, दुकानांचे गाळे आणि कार्यालये एकत्र उभारायचे ठरले, तेव्हा इमारतींचे नकाशे काढणाऱ्या वास्तुविशारदाच्या आधी केवळ नियोजनाचे काम करणारी स्वतंत्र सल्लागार संस्था नेमावी, असा निर्णय आम्ही बऱ्याच वादानंतर घेतला. त्या वादात मी विरोधी बाजूला होतो. वास्तुविशारद जे काम ओघात करतोच त्यासाठी वेगळे शुल्क कशाला द्यायचे, हा माझा मुद्दा होता आणि तो चुकीचा होता, हे आधीच सांगून टाकतो. आठ महिन्यांच्या कामाचा अनुभव पुढे मांडत आहे. काही तक्रारी तीव्र आहेत आणि त्यांवर संस्थेची बाजू येथे येणार नाही, म्हणून संस्थेचे नाव देत नाही.

करारात कामाचे चार भाग होते: जागेचा आणि मागणीचा अभ्यास, कोणता वापर किती ठेवायचा याचे प्रमाण, बृहत् आराखडा, आणि शेवटी बांधकामाचे टप्पे व देखभालीची व्यवस्था. पहिले दोन भाग उत्तम झाले. तिसरा चांगला झाला, पण त्यात एक गंभीर चूक राहिली. चौथा भाग मात्र घाईने उरकला गेला.

पहिल्या बैठकीला आम्ही स्वतः काढलेला कच्चा आराखडा घेऊन गेलो होतो. मागे घरांच्या तीन इमारती, पुढे कार्यालयांची एक उंच इमारत, रस्त्यालगत गाळ्यांची लांबच लांब रांग आणि प्रत्येकाभोवती आपापली भिंत, असे त्याचे स्वरूप होते. मुख्य नियोजक बाईंनी तो नीट पाहिला आणि म्हणाल्या, ‘‘हे तीन वेगळे प्रकल्प आहेत. तुम्ही फक्त फाटक एक ठेवले आहे.’’ मग त्यांनी अमेरिकेतील अर्बन लँड इन्स्टिट्यूटने १९७६ साली केलेली मिश्र वापराची व्याख्या सांगितली. स्वतःच्या बळावर उत्पन्न देणारे किमान तीन ठळक वापर हवेत, ते जागेच्या आणि व्यवहाराच्या दृष्टीने एकमेकांत गुंतलेले हवेत आणि सगळे एका सुसंगत आराखड्यानुसार उभे राहायला हवेत, असा तिचा आशय आहे. आमच्या कागदावर तीन वापर होते. गुंतलेले काहीच नव्हते. पुढच्या सगळ्या कामाचा रोख त्या दिवशी ठरला. दोन वापर जिथे एकमेकांना टेकतात त्या सांध्यांकडेच या संस्थेचे लक्ष होते: एकाच भिंतीच्या अलीकडे निजायची खोली आणि पलीकडे उपाहारगृह, एकाच उतारावरून मालाची गाडी आणि शाळेतून परतणारी मुले. संस्थेच्या कामाचे बहुतेक गुण त्यामुळे दिसले, आणि जिथे हे लक्ष सुटले तिथेच चूक झाली.

पहिल्या अहवालात इतिहासाची तब्बल चौदा पाने होती आणि ती पाहून मी वैतागलो होतो. वापर वेगळे करण्याचा विचार विसाव्या शतकात कसा रुजला, १९२६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने युक्लिड गावाच्या खटल्यात वापरांनुसार विभाग पाडण्याचा नगरपालिकेचा अधिकार कसा मान्य केला, १९३३ साली आधुनिक वास्तुविशारदांच्या परिषदेने निवास, काम, विरंगुळा आणि वाहतूक अशी शहराची चार कार्ये कशी मानली, आणि १९६१ साली शहरांच्या अभ्यासक लेखिका जेन जेकब्स यांनी वापर एकत्र ठेवण्याचा, म्हणजे नेमका उलट मुद्दा कसा मांडला, हे सारे खरे असले तरी ग्राहकाला त्याचे काय करायचे, असे वाटत होते. त्यातील दोन उदाहरणांचा मात्र पुढे फार उपयोग झाला. पहिले फ्रान्समधील मार्सेय येथील, वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांनी उभारलेल्या आणि १९५२ साली पूर्ण झालेल्या ३३७ घरांच्या इमारतीचे. तिच्यात दुकानांची गल्ली जमिनीवर नसून इमारतीच्या अर्ध्या उंचीवर आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याची पावले सहज तिथे वळत नाहीत, आणि नुसत्या रहिवाशांच्या खरेदीवर ती गल्ली अपेक्षेप्रमाणे कधी फुलली नाही. दुसरे स्टॉकहोमजवळच्या व्हेलिंगब्यू या १९५४ साली सुरू झालेल्या उपनगराचे. काम, घर आणि केंद्र या तिन्ही गोष्टी तिथे मुद्दाम एकत्र आणल्या होत्या, तरी बरेचसे रहिवासी कामासाठी दुसरीकडेच जात राहिले. आमच्या ज्येष्ठ भागीदारांचा ‘वरती राहणारे खाली कामाला येतील’ हा आवडता हिशेब या एका परिच्छेदाने मोडला. रहिवासी आणि तिथले कर्मचारी ही माणसे बहुतांशी वेगळीच असणार असे धरून रस्ते, लिफ्ट आणि पार्किंग मोजायचे ठरले.

या सेवेतील सर्वांत मोलाचा भाग कोणता असे विचारले तर मी घड्याळाच्या पट्टीचे नाव घेईन. दुसऱ्या महिन्यात बैठकीच्या टेबलावर दोन लांब कागदी पट्ट्या अंथरण्यात आल्या. एक कामाच्या दिवसाची, दुसरी सुट्टीच्या दिवसाची, आणि प्रत्येकीवर चोवीस चौकोन. आमच्या हातात तीन रंगांच्या गोल टिकल्या दिल्या आणि प्रत्येक तासाला आवारातल्या चौकात कोण असेल ते लावायला सांगितले. सुरुवातीला हा पोरखेळ वाटला. पण सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा कार्यालयांच्या निळ्या टिकल्या दाटल्या आणि सुट्टीच्या पट्टीवर त्याच जागी पांढरा कागद उघडा राहिला, तेव्हा सगळे गप्प झाले. आम्ही गाळ्यांची मुख्य रांग कार्यालयांच्या अंगणाकडे तोंड करून ठेवली होती. आठवड्यातले दोन दिवस आणि रोज संध्याकाळी सातनंतर त्या दुकानदारांनी कोणाची वाट पाहायची? नियोजक बाई एकेका दारावर बोट ठेवून विचारत होत्या, ‘‘रात्री साडेनऊला या दारातून कोण बाहेर पडेल?’’ एका दाराला उत्तर नव्हते. ते दार पुढच्या आराखड्यात जागेवरून हलले. गाळ्यांची रांगही घरांच्या फाटकापासून बसथांब्याकडे जाणाऱ्या वाटेवर सरकली, म्हणजे सकाळी नोकरदार, दुपारी कार्यालयातले लोक आणि संध्याकाळी रहिवासी अशी तिन्ही वेळची ये-जा त्याच गाळ्यांसमोरून होईल. वेगवेगळ्या कारणांनी वेगवेगळ्या वेळी माणसे रस्त्यावर असावीत, हा जेकब्स यांचा मुद्दा चौदा पानांत जेवढा पटला नव्हता तेवढा त्या दोन पट्ट्यांनी पटवला.

पार्किंगचा हिशेब याच पट्टीवरून निघाला. प्रत्येक वापराची सर्वाधिक गरज स्वतंत्रपणे मोजली तर घरांना ३००, कार्यालयांना २६० आणि गाळ्यांना १४० अशा ७०० गाड्यांच्या जागा लागत होत्या. पण तिघांची गरज एकाच वेळी शिगेला पोहोचत नाही. कामाच्या दिवशी सकाळी अकराला कार्यालयांच्या २६० गाड्या असतात, तेव्हा घरांच्या सुमारे १३० आणि गाळ्यांच्या ७० धरल्या, म्हणजे ४६०. सुट्टीच्या संध्याकाळचा आकडा ३७० आला आणि मध्यरात्रीच्या आधीचा ३१५. सर्वांत मोठ्या आकड्यावर दहा टक्के सवड ठेवूनही ५१० जागा पुरेशा होत्या. मार्गिका आणि उतार धरून एका गाडीमागे तळघरात २५ ते ३० चौरस मीटर जागा जाते, हे लक्षात घेतले तर वाचलेल्या १९० जागांचे मोल कळते: तळघराचा जवळजवळ एक मजला.

इथे आमच्याच बाजूने घोळ घातला गेला आणि संस्थेने तो ज्या रीतीने सोडवला त्याबद्दल तिला पूर्ण गुण द्यायला हवेत. विक्री पाहणाऱ्या भागीदाराला प्रत्येक सदनिकेसोबत नाव घातलेली राखीव जागा विकायची होती. संस्थेने दुसऱ्याच दिवशी एका पानाचे टिपण पाठवले. घरांच्या तीनशेच्या तीनशे जागा राखीव झाल्या तर सकाळी मोकळ्या पडलेल्या जागा कार्यालयांना वापरता येणार नाहीत आणि एकूण गरज पुन्हा ६६० वर जाईल. बचत होते ती सामाईक वापरामुळे, आणि राखीव पाटी लावली की ती संपते, असे त्यात मांडले होते. शेवटी १२० जागा राखीव आणि बाकीच्या सामाईक, एकूण ५७०, अशी तडजोड झाली. ग्राहकाला खूश ठेवण्यासाठी मान डोलावणारे सल्लागार मी पुष्कळ पाहिले आहेत. ही संस्था त्यांतली नव्हती.

गाळे किती ठेवायचे यावरही असाच खटका उडाला. तळमजल्याच्या चारही बाजूंना गाळे काढण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, कारण कागदावर तळमजल्याचा चौरस मीटर सर्वांत जास्त उत्पन्न देतो. संस्थेने आमचे गाळ्यांचे क्षेत्र जवळपास निम्मे केले. आवारातली २४० घरे आणि कार्यालयातली माणसे मिळून थोड्याच दुकानांना पोसू शकतात, बाकीची बाहेरच्या गिऱ्हाइकांवर जगतात, आणि बाहेरचा माणूस मागच्या बाजूच्या गल्लीत शिरत नाही, असे त्यांचे साधे म्हणणे होते. रिकामे गाळे शेजारच्या चालत्या गाळ्यांनाही खाली खेचतात, हे त्यांनी ठासून सांगितले. जे गाळे उरले ते अरुंद आणि जवळजवळ ठेवले. डॅनिश वास्तुविशारद यान गेल यांच्या अभ्यासानुसार दर १०० मीटरला १५ ते २० दारे असलेला रस्ता चालणाऱ्याला जिवंत वाटतो. आमच्या मुख्य वाटेवर ८० मीटरमध्ये १४ दारे बसली. मागच्या दोन बाजूंना गाळ्यांऐवजी जोत्यावर उचललेली, रस्त्याकडे स्वतःचे दार असलेली घरे आली. जनरेटरची खोली, पंपांची खोली आणि तळघराच्या हवेच्या जाळ्या एरवी नेमक्या रस्त्यालगत येऊन बसतात आणि चालणाऱ्याला तीस मीटर कोरी भिंत दाखवतात. त्या सगळ्या आतल्या सेवामार्गाकडे वळवल्या. तळमजल्याची उंची सर्वत्र पाच मीटर ठेवली, म्हणजे आज घर असलेल्या ठिकाणी उद्या दवाखाना किंवा दुकान आले तरी छत आड येणार नाही. ही शेवटची सूचना त्यांची स्वतःची होती. आमच्यापैकी कोणाच्या ती ध्यानातही नव्हती.

इमारतीच्या उभ्या छेदाचे, म्हणजे इमारत उभी कापली तर मजले एकमेकांवर कसे बसतात ते ठरवण्याचे, काम तांत्रिक आहे, पण खर्चावर त्याचा परिणाम मोठा होतो, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. घरे, कार्यालये आणि पार्किंग यांना खांबांमधले अंतर वेगवेगळे हवे असते. वरच्या खोल्यांचे खांब खाली गाडीच्या वाटेत उतरले तर मध्ये एक जाडजूड ट्रान्सफर स्लॅब टाकून सगळा भार बाजूला वळवावा लागतो, आणि तो मजला पैसा, उंची आणि वेळ तिन्ही खातो. संस्थेने खांबांमध्ये ८.१ मीटर अंतराचे एकच जाळे सगळीकडे धरले. अडीच मीटर रुंदीच्या तीन गाड्या आणि एक खांब त्यात बसतात. कार्यालयांसाठी रूढ असलेल्या १.३५ मीटरच्या मापाचे बरोबर सहा पट होतात. आणि निम्मे केले की ४.०५ मीटर, म्हणजे घरातल्या दिवाणखान्याची ऐसपैस रुंदी मिळते. खांब वरपासून खालपर्यंत सरळ उतरले. आमच्या संरचना अभियंत्याने हा कागद पाहिला आणि, एरवी कोणाचे कौतुक न करणारा हा गृहस्थ, ‘‘माझे निम्मे भांडण यांनी आधीच मिटवले,’’ असे म्हणाला. कार्यालयांच्या वातानुकूलन यंत्रणेतून बाहेर टाकली जाणारी उष्णता घरांच्या गरम पाण्यासाठी वापरण्याची कल्पनाही त्यांनी सुचवली होती. ती आम्ही सध्या बाजूला ठेवली आहे, पण त्यासाठी लागणारी नळांची वाट राखून ठेवली आहे.

या सगळ्यात मनात राहिलेली गोष्ट आहे ती मात्र एका पुठ्ठ्याची. संस्थेतील एका तरुण नियोजकाने मालाच्या ट्रकचा प्रमाणबद्ध तुकडा पुठ्ठ्यातून कापून आणला होता आणि तो तळमजल्याच्या नकाशावर, सेवामार्गावरून बोटाने सरकवत नेत होता. दुसऱ्या वळणावर ट्रकचे मागचे चाक खांबात अडकले. त्याने तो मागे घेतला, पुन्हा वळवला, पुन्हा अडकला. संगणकावर वळणाची मार्गरेषा काढलेली होती आणि तीत सगळे ठीक दिसत होते. फक्त ती काढताना छोटी गाडी धरली होती. खांब सरकवता येत नव्हता, म्हणून माल उतरवण्याची जागाच दोन घरे पुढे नेली आणि ट्रक वळण्याऐवजी आरपार जाईल असा मार्ग केला. त्यामुळे उलट्या दिशेने येताना ट्रक वाजवतात तो भोंगाही घरांच्या खिडक्यांखालून नाहीसा झाला. पहाटे पाचला येणाऱ्या भाजीच्या गाडीचा विचार केला तर त्या पुठ्ठ्याने पुढची कित्येक वर्षांची भांडणे वाचवली, असे मी म्हणेन.

आता चुकीविषयी. गाळ्यांपैकी चार गाळे उपाहारगृहांसाठी योग्य म्हणून दाखवले होते. स्वयंपाकघराचा धूर आणि तेलकट वाफ इमारतीच्या गच्चीपर्यंत नेणारा उभा शाफ्ट सुरुवातीपासून राखून ठेवावा लागतो, कारण वर घरे उभी राहिल्यावर तो कुठूनही काढता येत नाही. अंतिम म्हणून सादर केलेल्या आराखड्यात चारपैकी दोन गाळ्यांना असा शाफ्टच नव्हता. त्यांचा धूर पहिल्या मजल्याच्या पातळीवर बाजूच्या भिंतीतून सोडलेला होता, आणि त्या जाळीच्या बरोबर वर दोन मजल्यांवरील निजण्याच्या खोल्यांच्या खिडक्या उघडत होत्या. ही गोष्ट संस्थेने पकडली नाही, आमच्या अभियंत्यानेही नाही. आमच्यातील एका भागीदाराने पूर्वी उपाहारगृह चालवले आहे. त्यांनी नकाशा हातात घेऊन पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘चिमणी कुठे आहे?’’ टेबलाभोवती शांतता पसरली. मिश्र वापरात घरांकडून येणाऱ्या तक्रारी बहुधा आवाजाच्या, वासाच्या आणि कचऱ्याच्या असतात, हे या संस्थेच्याच पहिल्या अहवालात ठळक अक्षरांत लिहिलेले होते. सांधे पाहण्याचा दावा करणाऱ्या संस्थेकडून नेमका हा सांधा निसटावा, हे मला पटले नाही. चूक मान्य झाली, पण दुरुस्त नकाशाला सात आठवडे लागले, आणि त्याचे कारण म्हणून दिलेले ‘इतर कामांची गर्दी’ हे उत्तर स्वीकारण्याजोगे नव्हते.

चौथ्या भागाबद्दलची नाराजी याहून खोल आहे. देखभालीच्या व्यवस्थेवर आम्हाला अडीच पाने मिळाली आणि त्यातला मजकूर कोणत्याही प्रकल्पाला चिकटवता येईल असा होता. सामाईक खर्च बांधीव क्षेत्राच्या प्रमाणात वाटावा, एवढीच त्यातली ठोस सूचना. पण कार्यालयांच्या लिफ्टवर सकाळच्या अर्ध्या तासात जो ताण येतो तो घरांच्या लिफ्टवर येत नाही, गाळ्यांना तर लिफ्ट लागतच नाही. तळघरावरच्या अंगणाचे जलरोधक अस्तर दहा-पंधरा वर्षांनी बदलावे लागेल, तेव्हा वर अंगण वापरणाऱ्यांनी पैसे द्यायचे की खाली गाडी लावणाऱ्यांनी. आग विझवण्याची टाकी आणि पंप सर्वांचे, पण उपाहारगृहांमुळे वाढलेली त्यांची क्षमता कोणाच्या खात्यावर. कचऱ्याच्या खोल्या वेगळ्या की एक. पाण्याची आणि विजेची उपमीटरे कुठे. यांपैकी एकाही प्रश्नाला उत्तर नव्हते. शेवटी आमच्या हिशेबनिसाने प्रत्येक सामाईक वस्तूसमोर ‘कोण वापरतो’ आणि ‘कोण भरतो’ असे दोन रकाने आखून त्रेसष्ट ओळींची यादी केली. ती पाहून संस्थेने ती आपल्या अहवालाला जोडण्याची परवानगी मागितली. आम्ही दिली, पण त्या भागाच्या शुल्कातून रक्कम कापून.

टप्प्यांच्या बाबतीतही हलगर्जीपणा दिसला. कार्यालये आधी, मग गाळे, आणि घरे सर्वांत शेवटी, असा क्रम आराखड्यात होता, कारण कार्यालयांसाठी एक मोठा भाडेकरू दृष्टिपथात होता. म्हणजे गाळे उघडतील तेव्हा घरांच्या जागी खड्डा असेल, आणि बांधकामाच्या गाड्यांचा तात्पुरता रस्ता तर चक्क गाळ्यांच्या दारांसमोरून जात होता. असे प्रकल्प लांबतात हे उघड आहे. टोकियोतील रोप्पोंगी हिल्स सुमारे चारशे जमीनमालकांना बरोबर घेत सतरा वर्षांनी, २००३ साली उघडले. लंडनच्या किंग्ज क्रॉस येथील ६७ एकरांच्या प्रकल्पाला २००६ साली बाह्यरेखा परवानगी (तपशील नंतर ठरवायचे ठेवून दिलेली तत्त्वतः मंजुरी) मिळाली, आणि ती मुद्दाम लवचीक ठेवलेली होती, म्हणजे वापरांचे प्रमाण काळानुसार बदलता यावे. तिथला मधला चौक २०१२ मध्येच लोकांसाठी खुला झाला, पुष्कळशा इमारती त्यानंतर आल्या. ही दोन्ही उदाहरणे संस्थेनेच आम्हाला सांगितली होती. त्यांतून स्वतःच्या आराखड्यासाठी काही घ्यावे, एवढेच राहून गेले. आता क्रम बदलला आहे: घरांची एक इमारत आणि मुख्य वाटेवरचे गाळे एकत्र, मग कार्यालये, आणि चौक पहिल्याच टप्प्यात.

शेजाऱ्यांच्या दोन बैठका संस्थेने नेटक्या घेतल्या. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही. चित्रांविषयी मात्र लिहायला हवे. सादरीकरणासाठी अकरा रंगीत दृश्ये तयार करण्यात आली. सगळी तिन्हीसांजेची, सगळीकडे वीस वर्षांची वाढलेली झाडे, प्रत्येक गाळ्यात दिवा. अकरा चित्रांत मिळून एकही कचऱ्याचा डबा, मालाची गाडी किंवा बंद शटर नव्हते. हे सर्वच संस्था करतात हे मला ठाऊक आहे, आणि बँकेपुढे अशा चित्रांचा उपयोगही होतो. तरी आम्ही एक बारावे चित्र मागून घेतले: कामाच्या दिवशी दुपारी तीन वाजताचे, नुकत्याच लावलेल्या रोपांचे आणि दोन गाळे रिकामे असलेले. ते काढायला त्यांनी बराच वेळ घेतला, थोडी कुरकुरही केली, पण काढले, आणि आमच्या बैठकीच्या खोलीत आता तेच टांगलेले आहे.

करार करणाऱ्यांसाठी व्यवहाराची एक गोष्ट. मूळ प्रस्तावात शुल्क एकूण बांधीव क्षेत्राशी जोडलेले होते. ज्याचे शुल्क क्षेत्रासोबत वाढते त्यानेच गाळे निम्मे करण्याचा सल्ला द्यावा, अशी अपेक्षा धरणे अवघड आहे, म्हणून आम्ही भागांनुसार ठरावीक रक्कम करून घेतली. संस्थेने त्याला हरकत घेतली नाही, ही तिच्या बाजूने नोंदवण्याजोगी बाब. दुसरे, छेदाच्या नकाशांवर पाणी, सांडपाणी, धूर आणि कचरा यांचे उभे मार्ग दाखवल्याशिवाय तिसऱ्या भागाचे शेवटचे देयक देय होणार नाही, असे कलम आमच्या करारात नव्हते. पुढच्या करारात ते असेल. तिसरे, देखभालीचा भाग मी या संस्थेला पुन्हा देणार नाही; ज्याने मिश्र वापराची चालू इमारत प्रत्यक्ष सांभाळली आहे, अशा व्यक्तीकडून तो करून घेईन. पहिल्या तीन भागांसाठी याच संस्थेकडे पुन्हा जाण्याची माझी तयारी आहे, आणि सुरुवातीचा माझा विरोध पाहता ही शिफारस पुरेशी मानावी.

शाफ्टचा दुरुस्त नकाशा मागच्या आठवड्यात हाती आला. दोन्ही गाळ्यांचा धूर आता जिन्यालगतच्या एका उभ्या मार्गाने गच्चीवर जातो, त्यासाठी प्रत्येक मजल्यावरच्या दोन घरांच्या स्वयंपाकघरांतून थोडी जागा गेली आहे. नकाशा आम्ही एका शेऱ्यासह परत पाठवला: गच्चीवर जिथे ही चिमणी उघडते, तिथून सहा मीटरवर रहिवाशांच्या बागेतले बाक दाखवले आहेत, आणि वारा वर्षातला बराच काळ त्याच दिशेने वाहतो.